मिरजेचं पाणी

लातुरात सकाळी भेटलेला माणूस तब्येतीची चौकशी नंतर करतो. आधी विचारतो, "तुमच्याकडं आलं का?" काय आलं, हे सांगावं लागत नाही. कोणत्या गल्लीत कोणत्या वारी नळ सुटतो, यावर इथलं घर चालतं. चादरी धुणं, अंगण धुणं, पाहुण्यांना जेवायला बोलावणं, सगळं त्या वाराकडं बघून ठरतं. नेमकं पाणी सुटताना लाईट गेली की मोटार बंद पडते आणि दिवसभर घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. उलट कधी पाणी वेळेआधी आलं, दाब चांगला मिळाला, सुरुवातीचं गढूळ पाणी चटकन निघून गेलं आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली, तर स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येतं. शेजारच्या काकू फाटकावर कडी वाजवून सांगतात, "वैनी, सुटलंय बरं का!" त्या हाकेत जे सुख आहे, ते मला पगाराच्या दिवशीही मिळत नाही. आयुष्यातले बहुतेक दिवस असेच, टाकी भरण्याचे आणि टाकी रिकामी होण्याचे असतात. मोठ्या घटना फार थोड्या.

वैतागलेल्या माणसाला आपल्याकडं एक ठरलेला सल्ला मिळतो: आपल्यापेक्षा खालच्याकडं बघावं. तुझ्याकडं आठवड्यातून एकदा तरी येतं, अमक्या गावात बाया दोन-दोन कोस चालतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा सल्ला मला कधी पटला नाही. माझं समाधान दुसऱ्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यावर कशाला उभं राहावं? तिच्या अंगणात उद्या नळ आला तर माझं समाधान कमी होणार का? दुसऱ्याच्या दुःखाशी मोजून आलेल्या समाधानाला मी कृतज्ञता म्हणणार नाही. कृतज्ञता कुणाकडं तरी तोंड करून उभी असते. ती कुणाची तरी असते.

हे मला 2016 च्या उन्हाळ्यानं शिकवलं.

लातूरची तहान मांजरा नदीवर भागते. केज तालुक्यात धनेगावजवळ तिच्यावर धरण आहे, तिथलं पाणी शहराला मिळतं. लागोपाठच्या वर्षांत पाऊस कमी झाला आणि धरण कोरडं पडलं. मग सगळे बोअरकडं वळले. पण आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. त्याच्या पोटात वाळूतल्यासारखं पाणी मुरत नाही, फक्त भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून साठतं. त्यामुळं एका अंगणात दोनशे फुटांवर पाणी लागतं आणि भिंतीपलीकडच्या अंगणात सहाशे फूट गेलं तरी नुसता फुफाटा उडतो. त्या वर्षी रात्रंदिवस बोअरच्या गाड्यांची घरघर चालायची आणि सकाळी धुळीनं पांढऱ्या झालेल्या चेहऱ्यांवरूनच कळायचं, लागलं की नाही. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम 144 लावावं लागलं. शिकायला आलेली बाहेरगावची पोरं खोल्या सोडून घरी गेली. इथल्यांनी आपली लेकरं मामाच्या गावी धाडली. अंगणातल्या ड्रमांना कुलपं आली. ज्या गावात आल्यागेल्याला आधी पाण्याचा तांब्या द्यायची रीत, तिथं ड्रमाला कुलूप, हे बघताना पोटात तुटायचं.

आणि 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली.

पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांच्या वर होती. म्हणजे माणशी तांब्याभर. तांब्याभर पाण्यासाठी स्टेशनवर गर्दी झाली, इंजिनाला हार घातले गेले, म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटर घेऊन, आणि ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त खेपा झाल्या. नंतरच्या पावसानं मांजरा भरली आणि लोक धरण बघायला जत्रेसारखे गेले.

त्या महिन्यांत नळाचं किंवा टँकरचं पाणी हंड्यात पडताना मी मनातल्या मनात त्याच्या मागं मागं जायची. मिरजेत कृष्णेतून ते उपसलं, कुणीतरी ते शुद्ध केलं, रात्री उशिरा वाघिणींवर चढून कुणीतरी झाकणं लावली. या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेत वाफेनं धुतल्या होत्या. तिथल्या धुणाऱ्यांनी लातूर कधी पाहिलं असेल का? बहुधा नाही. तरी त्यांच्या हातची स्वच्छता माझ्या माठात उतरली होती. मिरजेपासून लातूर जवळपास साडेतीनशे किलोमीटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत गाडी यायची.

आणि ही वाटच बघा. मूळची ती बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं आखलेली अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. 1897 मध्ये बार्शीपर्यंत धावली आणि टप्प्याटप्प्यानं एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला मिरज गाठली. आमच्या आजोबांच्या पिढीनं तिच्यातून पंढरीच्या वाऱ्या केल्या. ती ब्रॉडगेज व्हावी म्हणून वर्षानुवर्षं निवेदनं दिली गेली, बैठका झाल्या, आणि 2016 च्या जेमतेम काही वर्षं आधी मिरजेपासून लातूरपर्यंत रुंद रूळ झाले. ते झाले नसते तर पन्नास वाघिणींची गाडी थेट आलीच नसती. ज्यांनी ही निवेदनं लिहिली, त्यांच्या डोळ्यांपुढं प्रवासी होते, शेतमाल होता. आपण गावासाठी पिण्याचं पाणी मागतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यातले काही ती गाडी बघायला राहिलेही नसतील. अशा माणसांचे आभार मानायचे तर ते कुठं जाऊन मानायचे? मला वाटतं, त्यांच्यासारखंच एखादं लांबचं काम हाती धरणं, एवढंच शक्य आहे. फळ कुणाच्या पदरात पडेल याचा हिशेब न ठेवता.

एवढा मोठा प्रवास कळल्यावर जवळचा माणूसही दिसू लागला. आमच्या भागातला व्हॉल्व्हमन. हातात लांब लोखंडी चावी, पायात झिजलेली चप्पल. पहाटे रस्त्यातलं झाकण उघडून चिखलात गुडघे टेकवून तो चावी फिरवतो, मग आमच्या नळाला सुरसुर सुरू होते. लोकांच्या तोंडी त्याच्यासाठी तक्रारच: पलीकडच्या गल्लीला जास्त सोडतोस. त्या उन्हाळ्यानंतर आमच्या गल्लीतल्या बायका त्याला चहा देतात. चहा घेताना तो सांगतो, कोणती लाईन किती जुनी, कुठं गळती, कोणत्या चढावर दाब पडतो. आपल्या गल्लीला पाणी कमी का येतं, हे त्याच्याकडून कळल्यावर राग थोडा निवतो, आणि उरलेला राग योग्य ठिकाणी जातो.

राग योग्य ठिकाणी जाण्याचं मी मुद्दाम लिहिते, कारण कृतज्ञ माणसानं तोंड मिटून बसावं, अशी एक समजूत आहे. मला ती मान्य नाही. पाणी किती हातांतून येतं हे ज्याला कळलं, त्याला गळणारी जलवाहिनी अधिक जिव्हारी लागते. माझ्या ओळखीतल्या ज्या बाया रेल्वेच्या आठवणीनं आजही डोळे पुसतात, त्याच नगरसेवकाच्या दारात सर्वांत आधी उभ्या राहतात, छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायला घरच्यांच्या मागं लागतात आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी जास्वंदीला घालतात. त्यांचं भांडण आणि त्यांची कृतज्ञता एकाच ठिकाणाहून निघते, असं मला त्यांच्याकडं बघून वाटतं.

रोजच्या वैतागाचं मात्र काही बदललेलं नाही, आणि बदलावं असंही वाटत नाही. आजही लाईट गेली की मी चिडते. पाहुणे नेमके ड्रमाचा तळ दिसताना आले की जीव कासावीस होतो. फरक इतकाच की ही चिडचिड आता संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पाण्याचं पातेलं चुलीवर चढलं, वाफ आली, चहाची पत्ती पडली की मन मिरजेपर्यंत, कधी कोट्यापर्यंत जाऊन येतं. घर पुन्हा मोठं वाटू लागतं.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली, मिरज, कोल्हापूरच्या बातम्या टीव्हीवर दिसत होत्या: छपरांवर बसलेली माणसं, होड्या, चिखलात बुडालेली पेठ. ज्यांनी आम्हाला पाणी दिलं, त्यांच्या दारात पाणीच पाणी, आणि प्यायला मात्र नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी कुणाला आवाहन केलं नाही. चौकात एक टेम्पो उभा राहिला आणि माणसं घरातून येऊ लागली. शेजारच्या काकूंनी साठवणीतले पैसे आणून दिले. कुणीतरी म्हणालं, काकू, एवढे कशाला? त्या म्हणाल्या, "त्यांचं पाणी पिलंय आपण."

कपडे आणि चादरींचा ढीग होऊ लागला तेव्हा काकूंनीच सगळ्यांना थांबवलं. कपडे ओले होतील, वाळवायला त्यांच्याकडं जागा कुठली, आधी प्यायच्या पाण्याचे जार भरा, फिनेल घ्या, खराटे घ्या, पाणी ओसरलं की चिखल काढायला तेच लागणार. पाण्याची नड ज्या बाईनं वर्षानुवर्षं काढली, तिला पुरानंतरचं घर न बघताच कळत होतं. पोरांनी बाजारातून खराट्यांची मोळीच आणली, बायकांनी जार भरले, झाकणांवर चिकटपट्टी लावली, आणि रात्री टेम्पो बार्शीच्या रस्त्यानं निघाला.