आजीच्या पुतळ्या

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हांला 'मर्चंट ऑफ व्हेनिस' होते. त्यात शायलॉककडून काढलेले कर्ज तीन हजार डुकाटांचे. नाटकभर हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या टीपांत त्याचा अर्थ एका ओळीत उरकला होता : व्हेनिसचे एक सोन्याचे नाणे. सरांनी ती टीप वाचून दाखवली, आम्ही ती वहीत उतरवून घेतली आणि परीक्षेपुरता तो विषय संपला. डुकाट मी लहानपणापासून पाहत आलो आहे, एवढेच नव्हे तर दरवर्षी हाताने घासून पुसतो आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आमचे घर कोकणातले. आजीजवळ अठरा पुतळ्यांची एक माळ होती. आजोबा होते तोवर सणावाराला ती तिच्या गळ्यात असे. ते गेल्यावर तिने ती पुन्हा घातली नाही. मग वर्षातून एकदा, भाद्रपदात, ती गौरीच्या गळ्यात पडे. गौरी यायच्या आदल्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात ती माळ घालून मऊ ब्रशाने साफ करायची, हे काम माझ्याकडे असे. आजी शेजारी बसून पुतळ्या मोजी. मोजताना प्रत्येक वेळी सांगे, "हा उभा आहे तो राम. हा गुडघे टेकून बसलाय तो मारुती. मधे आहे तो रामाचा झेंडा." पाठीमागे लांबट गोलात, ताऱ्यांच्या मधोमध, एक आकृती उभी असे. तिच्याबद्दल विचारले की म्हणे, "देव आहे. सगळ्याच देवांची नावं माहीत असायला हवीत असं नाही."

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी घरी आलो तो वहीतली ती टीप डोक्यात घेऊनच. ब्रश फिरवता फिरवता एका पुतळीवरच्या मारुतीमागे मला रोमन अक्षरे दिसली. ए, एल, ओ, वाय. पुढे एम, ओ, सी, ई, एन. मी वडिलांचे भिंग आणून अठराही पुतळ्या पाहिल्या. पंधरांवर अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या आणि ठिपके होते. अक्षर म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही अशा माणसाने अक्षरे पाहून काढलेली नक्कल होती ती. तीन पुतळ्यांवर मात्र अक्षरे स्वच्छ होती.

पुढे मुंबईला गेल्यावर ग्रंथालयांतून बसून मी त्या अक्षरांचा माग काढला. ते नाव होते अल्विसे मोचेनिगो. व्हेनिस हे राजाचे राज्य नव्हते, प्रजासत्ताक होते. त्याच्या तहहयात निवडलेल्या प्रमुखाला डोज म्हणत. या नावाचे चार डोज होऊन गेले. आमच्या पुतळीवरचा चौथा, १७६३ ते १७७८ या काळातला. म्हणजे पुण्यात थोरले माधवराव पानिपतानंतरची घडी बसवीत होते, तेव्हा व्हेनिसच्या टाकसाळीत कोणीतरी घण घालून हे नाणे पाडीत होते.

गुडघे टेकलेला आमचा मारुती म्हणजे हा डोज. त्याच्यासमोर उभा आहे तो राम नव्हे, व्हेनिसचा रक्षक संत मार्क. तो डोजच्या हाती निशाण देत आहे. मागच्या बाजूचा, ज्याचे नाव आजीने सांगितले नव्हते, तो येशू ख्रिस्त. त्याच्याभोवती लॅटिनमध्ये जे कोरले आहे त्याचा आशय असा की, ज्या राज्यावर तुझीच सत्ता आहे ते राज्य तुलाच अर्पण असो. इतर देशांचे राजे आपला मुखवटा नाण्यावर मिरवीत. येथे राज्याचा प्रमुख गुडघ्यांवर आहे. नाव त्याचे, पण चेहरा कोणाचाही चालेल.

हे नाणे प्रथम पाडले गेले ते १२८४ मध्ये, जोव्हान्नी दांदोलो डोज असताना. त्याआधी ३२ वर्षे, १२५२ मध्ये, फ्लॉरेन्सने एका बाजूला लिलीचे फूल आणि दुसऱ्या बाजूला संत जॉन असलेला आपला फ्लोरिन काढला होता. व्हेनिसने त्याच्याच तोलाचे नाणे केले : साडेतीन ग्रॅम, आपल्या जुन्या हिशेबाने साडेतीन माशांहून किंचित जास्त. तोळ्यात तीन पुतळ्या बसून थोडे सोने उरते. कस त्या काळच्या कारागिरांना जितका शुद्ध करता येई तितका, म्हणजे जवळजवळ चोवीस कॅरटचा. आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे, या नाण्याचे वजन, कस आणि चित्र जवळजवळ होते तसेच राहिले. बदलले ते फक्त डोजचे नाव.

वेगळेपणाची हौस व्हेनिसला नव्हती असे नाही. त्यांचे राजवाडे आणि चित्रे पाहिली की ते कळते. पण नाण्याच्या बाबतीत ते व्यापारी होते. ज्याला लॅटिन येत नाही त्या सराफाने नुसते चित्र पाहून नाणे काट्यावर न टाकताच पेटीत टाकावे, हा त्यामागचा हेतू. तो इतका साधला की इजिप्तचा सुलतान बर्सबाय याने १४२५ मध्ये आपली 'अश्रफी' पाडली ती डुकाटाच्या वजनाच्या जवळ आणून. हॉलंडचा डुकाट, ज्यावर चिलखत घातलेला, हाती बाणांची जुडी धरलेला योद्धा असतो, तोही त्याच तोलाचा.

मग हे सोने आपल्याकडे आले कसे? त्याचे उत्तर मिरी. युरोपला आपली मिरी, आले, दालचिनी, कापड हवे होते. त्यांच्याकडचा माल आपल्याला फारसा नको होता. तेव्हा फरक भागवायचा तो सोन्याचांदीने. हंगेरीच्या खाणींतले सोने व्हेनिसला येई, तेथे त्याला शिक्का लागे, तेथून अलेक्झांड्रिया, तांबडा समुद्र, आणि मग गुजरात, कोकण, मलबार. दाभोळ आणि चौल ही आमच्याच किनाऱ्यावरची बंदरे. चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी १५६३ मध्ये घरून निघाला, अठरा वर्षे पूर्वेकडे हिंडला आणि आपल्या प्रवासवृत्तान्तात त्याने चौलबद्दलही लिहून ठेवले.

'शिक्का' हा शब्दही याच वाटेवरचा आहे. नाणे पाडण्याच्या ठशाला अरबीत 'सिक्का' म्हणतात. तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि भूमध्य समुद्र ओलांडून व्हेनिसला गेला. तेथे टाकसाळ झाली 'झेक्का' आणि डुकाटाचे पुढचे नाव पडले 'झेक्किनो'. इंग्रजीत त्याचे 'सिक्विन' झाले. आज साडीवर लावायच्या चमकत्या टिकलीला सिक्विन म्हणतात, तेव्हा त्यात या नाण्याची एवढीच आठवण उरली आहे.

आपल्याकडे मात्र त्याला कोणी लॅटिन नाव दिले नाही. त्यावर माणसे दिसली, म्हणून ती पुतळी. सभासदाने बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची यादी दिली आहे. तीत नाना जातींच्या होनांबरोबर पुतळ्यांचीही नोंद आहे. तमिळ मुलखात त्याच चित्रात लोकांना ताडाच्या झाडाशी असलेला ताडी काढणारा दिसला. मधल्या निशाणाची काठी त्यांना ताड वाटली. जो तो आपल्या अंगणात जे पाहतो तेच नाण्यावर पाहतो. व्हेनिस बुडाले तेव्हा दुसरा बाजीराव पेशवा होऊन सहा महिनेही झाले नव्हते. पेशवाई पुढे गेली, पण पुतळी राहिली. ज्यांनी व्हेनिस हे नावही ऐकले नव्हते असे आपले सोनार तिच्या नकला करीत राहिले. आजीच्या माळेतल्या पंधरा पुतळ्या बहुधा अशाच.

येथपर्यंतचे सारे मी अभिमानाने सांगतो. पुढचे सांगताना लाज वाटते.

आजी गेल्यावर वर्षाने वाटणी झाली. वडील, काका आणि आत्या अशी तीन भावंडे. अठरा पुतळ्या, प्रत्येकी सहा. भांडण नव्हते. रेशमात गाठवलेली माळ सोडून सराफाने तीन वाटे केले, काट्यावर सारखे करून दिले. आत्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. तिला बांगड्या करायच्या होत्या. वडिलांनाही आणि काकांनाही ती माळ आता मोड म्हणूनच दिसत होती.

तीन खऱ्या नाण्यांपैकी मोचेनिगोचे नाणे आत्याच्या वाट्याला गेले होते. संग्राहकाच्या बाजारात त्याचे मोल सोन्याहून अधिक आहे हे त्या ओसरीवर फक्त मला माहीत होते. मी म्हटले, "आत्या, आजीची आठवण म्हणून मला एक दे ना." आत्या म्हणाली, "घे की रे, बघतोस काय?" मी सहांच्या सहा उलटसुलट करून पाहिल्याचे नाटक केले आणि हवे होते तेच उचलले. तिच्या मुलीच्या बांगड्यांतले साडेतीन मासे सोने तेवढे कमी झाले.

याहून वाईट पुढेच आहे. उरलेली दोन खरी नाणी काकांच्या वाट्यात होती. ती वितळवू नका असे सांगायला हवे होते. पण ते सांगितले असते तर मी जे उचलले त्याचे कारणही सांगावे लागले असते. मी गप्प बसलो. चार दिवसांनी काकांबरोबर सराफाकडे गेलो. मुशीत त्या सहाही पुतळ्या एका रंगाच्या झाल्या. खऱ्या कोणत्या आणि नकली कोणत्या, हे विस्तवाला विचारण्यात अर्थ नव्हता.

पुढे मला नोकरी लागली, छंद वाढला. हॉलंडचा एक डुकाट, व्हिक्टोरिया राणीच्या दोन गिन्या, असा माझा बेताचा संग्रह आहे. एकदा मोचेनिगोचे नाणे एका जाणत्या माणसाला दाखवले. तो म्हणाला, "नाणे उत्तम आहे. पण वर कडी जोडली आहे. कडीचे नाणे म्हणजे जखमी नाणे. कडी काढून कड साफ करून घ्या, थोडे बरे दिसेल." संग्राहकांचा हा नियमच आहे. ज्या नाण्याला भोक पडले, ज्याला डाग लागला, त्याची किंमत उतरते. मी ते सोनाराकडे न्यायचे ठरवले.

पण त्याआधी एक काम उरले होते. मी आत्याकडे गेलो. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे गेली होती. नाणे तिच्या तळहातावर ठेवून मी सारे सांगितले : डोज, संत मार्क, बाजारातली किंमत, काकांच्या दोन पुतळ्या, आणि माझे गप्प बसणे. त्या दिवशीच्या सोन्याचे पैसे आजच्या भावाने घे, असेही म्हणालो. तिने नाणे डोळ्यांजवळ नेले, अंगठ्याने कडी चाचपली.

"ही कडी आईनं बसवून घेतलेली," ती म्हणाली. "आधीची झिजून तुटली होती. मी लहान होते, तिच्याबरोबर गेले होते सोनाराकडे. सगळ्यात हिचीच कडी जाड आहे बघ. मारुती हिच्यावरच ठळक दिसतो, म्हणून ती हिला मधोमध घालायची. तू हीच उचललीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, पोराला आजीची आवड कळली."

मला काही बोलता येईना. तिने पैसे घेतले नाहीत. नाणे परत देताना एवढेच म्हणाली, "कडी मात्र काढू नकोस हो."

मी कडी काढली नाही. व्हेनिसच्या टाकसाळीने या नाण्याला जे दिले ते कुठल्याही पुस्तकात सापडते. आमच्या घरी त्याचे जे झाले त्याचा पुरावा म्हणून ही कडी तेवढी आहे. ज्याला मी जखम समजत होतो तो नाण्याच्या इतिहासाचाच भाग होता.

संग्रहातले प्रत्येक नाणे मी कागदी पाकिटात ठेवतो. पाकिटावर देश, राजा, सन, वजन लिहितो. या एका पाकिटावर मी डोजचे नाव लिहिले, सन लिहिला, 'कडीसह' असे लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ घातली, जी कोणत्याही संग्रहाच्या नोंदीत नसते : 'आत्याच्या वाट्यातली. माझ्यानंतर तिच्या नातीला द्यावी.'