रक्तांतील भाकीत

पत्रिका पाहणाऱ्या जोशीबोवांस पूर्वीं एक सोय असे. मृत्युयोग दिसला, तरी “शांति करून घ्यावी” इतकेंच सांगून ते दक्षिणेसह उठत. हल्लीं हें काम प्रयोगशाळेकडे आलें आहे, आणि प्रयोगशाळेस ही मुत्सद्देगिरी ठाऊक नाहीं. ती कागदावर आंकडा छापते, शेजारीं मर्यादा छापते, आणि मर्यादा ओलांडली असल्यास आंकडा ठळक करून मोकळी होते.

स्त्रियांच्या ओटीपोटांतील कर्करोगांत या आंकड्यांचें प्रस्थ विशेष. अंडाशयाच्या कर्करोगांत सीए-१२५ नांवाचें एक प्रथिन रक्तांत वाढतें. तें ओळखणारें प्रतिपिंड १९८१ सालीं बॉस्टन येथें रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तयार केलें, व दोनच वर्षांत त्यावर आधारलेली रक्ताची चांचणी प्रसिद्ध झाली. मिलीलीटरमागें ३५ एकक ही तिची रूढ सीमा. केमोथेरपी सुरू झाल्यावर आंकडा झरझर उतरला, तर तें शुभचिन्ह. रेंगाळला, तर पुढची वाट बिकट, इतकें डॉक्टर त्यावरून ताडूं शकतात. पण हें प्रथिन एकट्या कर्करोगाशीं इमान राखणारें नाहीं. तें मासिक पाळींत वाढतें, गरोदरपणांत वाढतें, आणि आपल्याकडे ज्याचा विसर पडून चालत नाहीं, त्या पोटाच्या क्षयांतही शेंकड्यांच्या घरांत जातें. पोटांत पाणी, वजनांत घट आणि सीए-१२५ भरमसाट, एवढ्यावरून घरांत रडारड सुरू करण्यापूर्वीं आंतील तुकडा काढून तपासावा लागतो. तो क्षय निघाला, तर औषधांनीं बरा होतो.

लातूरला आमची थोरली बहीण असते. अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी उरकून तिला दीड वर्ष झालें. दर तीन महिन्यांनीं तिचें रक्त घेतलें जाई आणि रिपोर्ट मुलांच्या मोबाइलवर येई. अक्का वाचीत असे तीं मुलांचीं तोंडें. लोहा, अहमदपूर करीत आम्ही नांदेडहून एस्‌. टी.नें जात असूं, तों उंबऱ्यांतच थोरला भाचा आम्हांस बाजूस घेई. “मामा, तिच्यासमोर तो विषय काढूं नका.” खर्च मुलांचा, धांवपळ मुलांची, आणि मायेविषयीं तर शंकाच नको. परंतु ज्या देहांतून तें रक्त निघालें, त्या देहाच्या मालकिणीस तेवढी एकच गोष्ट कोणी सांगत नव्हतें. आमच्या मध्यमवर्गीय घरांतील माया पुष्कळदां अशी तोंड दाबूनच वागते.

मागच्या दिवाळींत करंज्या भरतां भरतां अक्का म्हणाली, “एवढं इंग्रजी शिकवतोस लोकांना. माझा कागद वाच की.” भाच्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं कागद वाचला. आंकडा सीमेच्या आंत होता, मात्र तीन खेपांस थोडा थोडा चढत गेला होता, तेंही सांगितलें.

“मला कळलंच होतं,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे एकाएकी गोड बोलायला लागलात तेव्हाच.” आणि मग करंजीची कड दुमडीत, “बरं, चढला तर करायचं काय?”

हा प्रश्न मोठमोठ्या वैद्यांसही पडलेला होता. अनेक देशांत मिळून झालेल्या एका प्रयोगाचा निकाल २०१० सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. बऱ्या झालेल्या ज्या स्त्रियांचा सीए-१२५ पुन्हां वाढला, अशा ५२९ जणींचे दोन गट केले होते. एका गटास आंकडा वाढतांच केमोथेरपी दिली, दुसऱ्यास त्रास जाणवूं लागल्यावर. दोन्ही गटांच्या आयुष्याच्या लांबींत फरक पडला नाहीं. आधीं उपचार घेणाऱ्यांचें स्वास्थ्य मात्र आधींच ढासळलें. त्यानंतर औषधें बदललीं आहेत, म्हणून हा निकाल डोळे मिटून आज कोणासही लावतां येणार नाहीं. अक्कानें तो आपल्या डॉक्टरांपुढें स्वतः काढला. पोट फुगलें किंवा भूक मोडली तर त्याच दिवशीं यावें, एरवीं तपासणी लांबवावी, असें दोघांत ठरलें. कागद आतां तिच्या हातीं येतो.

सर्वच भाकितें अशीं हात बांधून बसविणारीं नसतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगांत, काढलेल्या गांठीच्या पातळ कापावर रंग चढवून पी-५३ हें प्रथिन पाहतात. तें विपरीत दिसलें, तर रोग उलटण्याची धास्ती मोठी असते. पण अशा स्त्रियांस किरणोपचाराच्या जोडीला केमोथेरपी दिल्यानें लाभ होतो, असेंही आढळलें आहे. २०२३ च्या नव्या वर्गीकरणांत रोगाचा टप्पा ठरवितांना ही खूण जमेस धरतां येते. असें भाकीत कितीही कडू असो, तें मागून घ्यावें.

परंतु आमच्या मुलखांतील पुष्कळ बायाबापड्या या कांचपट्टीपर्यंत पोंचतात, तेव्हां रोग पुढें गेलेला असतो. लातुरास खेटून असलेला उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, हा जिल्हा घ्या. १९८२ पर्यंत लातूर त्याचाच भाग होतें. तेथें टाटा मेमोरिअल केंद्र, बार्शीचें नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. निकाल २००९ सालीं आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकदांच चांचणी झालेल्या गटांत त्या रोगानें ३४ मृत्यु झाले. कोणतीच चांचणी न झालेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटांत ६४. त्या दुसऱ्या गटास विनाचांचणी ठेवणें न्याय्य होतें काय, यावर पुढें कडाक्याचा वाद झाला, आणि आमच्या मतें तो व्हावयासच हवा होता. त्या ६४ जणी आमच्याच बोलीच्या, आमच्याच आठवडी बाजारांत येणाऱ्या.

हे आंकडे अक्काच्या घरींही बोलण्यांत निघाले. परवां भाच्याचा फोन आला. आपल्या पत्नीची ती चांचणी करवून घ्यावी काय, असें तो विचारीत होता. आम्हीं म्हटलें, फोन तिच्याकडे दे.