मूळ आणि प्रती

आमचे चिरंजीव घरांचे नकाशे ऑटोकॅडवर काढतात. दरवाजा एकदांच रेखून 'ब्लॉक' म्हणून भांडारांत ठेवावा, हवा तेथें योजावा. नकाशांतील मूळ ब्लॉक सुधारला कीं त्याच्या सर्व प्रती सुधारतात. सदरलँड यांच्या १९६३ च्या 'स्केचपॅड'मध्येंही ही सोय होती. पाणिनीनें 'वृद्धि' ही संज्ञा पहिल्याच सूत्रांत बांधून पुढें सर्वत्र वापरली. म्हणून आम्हांस नवल वाटलें नाहीं.

आमच्या नव्या घरीं मात्र निराळेंच घडलें. भगिनींच्या चाकांच्या खुर्चीसाठीं चिरंजिवांनीं मूळ दरवाजा रुंद केला. परंतु न्हाणीघराचा ब्लॉक पूर्वींच फोडून त्याच्या सुट्या रेषा केल्या होत्या. तो अरुंदच राहिला व तसाच बांधला गेला. खुर्ची उंबऱ्याशीं अडली. चौकट उखडावी लागली. मुळाशीं नातें तुटलेल्या प्रतीस सुधारणा पोहोंचत नाहीं, हें ब्लॉक फोडण्यापूर्वीं आठवावें.