शेळीच्या पाठीवरचे ओझे

मराठी भाषेने शेळीला फारसा न्याय दिलेला नाही. गबाळ्या माणसाला आपण ‘अजागळ’ म्हणतो. तो शब्द शेळीच्या गळ्याशी लोंबणाऱ्या निरुपयोगी लोळ्यांवरून आलेला आहे. घाबरलेल्या माणसाची ‘शेळी होते’, आणि ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ या म्हणीत तर तिच्या मरणालाही किंमत उरत नाही. या शब्दांपलीकडची शेळी मला भेटली ती माझ्या पुतण्याच्या पत्रातून.

हा पुतण्या अमेरिकेत डेन्व्हरला असतो. मागल्या शरद ऋतूत तो आपल्या सहकाऱ्यांबरोबर वायोमिंगच्या डोंगरात, एल्क नावाच्या थोरल्या हरणाच्या शिकारीला गेला होता. बंदूक त्याने हाती धरली नव्हती. पाच बोकड सांभाळण्याचे काम त्याच्याकडे होते. इंदूरच्या आमच्या घरी मी ते पत्र वाचून दाखवू लागलो, तेव्हा ‘शिकार’ हा शब्द ऐकताच आईने जपमाळ खाली ठेवली. “म्हणजे वाघासाठी बांधतात, तसे बोकड नेले की काय रे?” “नाही आई, सामान वाहायला नेले होते.” “आणि परत आणले ना सगळे?” पाचही सुखरूप आले, हे कळल्यावरच माळ पुन्हा तिच्या हाती गेली.

अमेरिकेत या प्रथेला आजचे रूप आले ते १९७० नंतरच्या दशकात. वायोमिंगमधील जॉन मिओन्चिन्स्की या वन्यजीव अभ्यासकाने रानमेंढ्यांचा माग काढताना आपले साहित्य शेळ्यांच्या पाठीवर लादले, आणि पुढे १९९२ साली या विषयावर पुस्तकही लिहिले. दुभंगलेल्या खुरांची शेळी, घोडा जिथे अडतो त्या खडकांवरून सहज चढते. वाटेवरचा झाडपाला खात ती चालते, तेव्हा तिच्यासाठी वैरणीचे गाठोडे न्यावे लागत नाही. पाणीही तिला थोडेच पुरते. शिकाऱ्याला तिची खरी गरज भासते ती परतताना. एका मोठ्या एल्कचे मांस माणसाच्या पाठीवरून आणायचे तर अनेक खेपा कराव्या लागतात, आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तिथे कायद्याने गुन्हा आहे.

मला मोह पडला तो या व्यवहारातील शिस्तीचा. ओझ्यासाठी बहुधा खच्ची केलेले, सानेन किंवा अल्पाइन यांसारख्या थोराड जातींचे बोकड निवडतात. असा पूर्ण वाढलेला बोकड नव्वद किलोंच्या आसपास भरतो. त्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या, फार तर चौथ्या हिश्श्याइतकेच ओझे ठेवतात. तेही हाडे पक्की झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर. तोवर त्याने रिकामी किंवा हलकी खोगिरे घालून, कळपाबरोबर नुसते हिंडायचे. करडू असताना माणसाच्या हातून दूध प्यायलेला हा जीव पुढे दावे न लावताही मागे येतो. “काका, मी थांबलो की तेही थांबत,” असे पुतण्याने लिहिले आहे.

हे वाचताना मला बदरीनाथजवळील माणा गाव आठवले. काही वर्षांपूर्वी यात्रेला गेलो असता तेथील एका वृद्ध गृहस्थांनी शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर टाकायची लोकरीची जुनी पडशी दाखविली होती. गढवाल-कुमाऊंचे भोटिया व्यापारी अशा पडश्यांत धान्य भरून तिबेटात जात आणि मीठ व टाकणखार घेऊन उतरत. एकेका जनावरावर दहा-बारा किलोंचा भार असे, आणि तो पाठीवर घेऊन हे कळप हिमालयाच्या खिंडी ओलांडीत. १९६२ च्या युद्धाने तो व्यापार थांबला. ती पडशी त्यांनी घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवली, ती एखाद्या शालूसारखी.

अमेरिकेतील या कथेला एक दुःखाची किनारही आहे. पाळीव शेळ्यामेंढ्यांच्या श्वासमार्गात राहणारा एक जिवाणू रानमेंढ्यांना न्यूमोनियाने मारू शकतो. म्हणून २०१० नंतरच्या काळात वायोमिंगमधील शोशोनी राष्ट्रीय वनात, रानमेंढ्यांच्या मुख्य अधिवासात, ओझ्याच्या शेळ्या नेण्यास मनाई झाली. रानमेंढ्यांच्या अभ्यासासाठी जी शेळी डोंगरात गेली, तिलाच त्यांच्यासाठी दूर राहावे लागले. शेळीवाल्यांनी याविरुद्ध न्यायालयात दादही मागितली. दोन्ही पक्षांची बाजू मला कळते. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या जिवाचा विचार आधी व्हावा, हेच मला योग्य वाटते.

वाचकहो, माझा पेशा मुख्याध्यापकाचा. त्यामुळे पाचवा हिस्सा, चौथा हिस्सा हे आकडे वाचताच मला माझ्या शाळेचा दरवाजा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वी सहावीतील एका किरकोळ बांध्याच्या मुलाला मी काट्यावर उभे केले. मुलगा अठ्ठावीस किलो, दप्तर सहा किलो; म्हणजे पूर्ण वाढलेल्या बोकडाच्या हिशेबाचे ओझे त्या कोवळ्या पाठीवर होते! केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असू नये. शिक्षकांच्या सभेत मी हे मांडले, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “सर, ओझ्यानेच मुले कणखर होतात. आपण नाही का झालो?” मी म्हटले, “गुरुजी, वायोमिंगचा गुराखीही आधी बोकडाचे वय विचारतो.” सभेत हशा पिकला, पण वेळापत्रक बदलले. आता रोज चारच विषयांच्या वह्या आणायच्या, आणि जाड पुस्तके वर्गातील कपाटात ठेवायची. तो मुलगा आता जिना चढताना कठड्याला धरत नाही.

आपल्या घरीही आज रात्री मुले निजल्यावर दप्तर एकदा काट्यावर ठेवून पाहा. आकडा दहाव्या हिश्श्याहून अधिक भरला, तर सकाळी शाळेत जाऊन विचारा. मुख्याध्यापक रागावणार नाहीत; निदान इंदूरचे एक तरी रागावणार नाहीत.