दरवाजातलं पाणी

मोटारीच्या दरवाजात पाऊस जातोच. दरवाजा तसा ठरवूनच बनवलेला असतो. काच वर-खाली व्हायची तर पत्रा आणि काच यांच्यामध्ये फट हवी. त्या फटीवरचं रबर काचेवरचं बरंचसं पाणी निपटतं, सगळं अडवत नाही. उरलेलं काचेवरून दरवाजाच्या पोकळीत उतरतं आणि खालच्या कडेच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. तेव्हा दरवाजात पाणी गेलं ही तक्रारच नव्हे. ते तिथे साठून राहिलं, किंवा तिथून आपल्या पायाशी आलं, तर तक्रार.

*

या दोन तक्रारी एकमेकींत मिसळू नयेत. ब्रेक मारल्यावर दरवाजात खळखळ ऐकू आली तर भोकं बुजली आहेत. खळखळ नाही, पण पायाखालची मॅट ओली, तर आतला पडदा गेला आहे किंवा दरवाजाच्या चौकटीचं बीडिंग दबत नाही. आमच्या गाडीत खळखळ नव्हती, मॅट ओली होती.

*

रत्नागिरीचा आषाढातला पाऊस सरळ पडत नाही. समुद्रावरून वारा आडवा घेऊन येतो. गाडीची जी बाजू पश्चिमेला, तीच जास्त भिजते. शिवाय आमचं अंगण उताराचं, गाडीचं तोंड उताराकडे. मागून आत आलेलं पाणीही पुढच्या पावलांशी जमणार. कौलांतून झिरपलेलं पाणी वाशावरून सरकत भलत्याच खोलीत टपकतं, तसंच हे. म्हणून ओल दिसते तिथे सीलंट फासणाऱ्यांचं काम फुकट जातं.

*

आधी जे दरवाजाचं नाही ते वगळणं.
एसीचं पाणी: आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एसीची पेटी डाव्या सीटसमोर असते. तिची नळी तुंबली की डावी मॅट भिजते. पण हे पाणी एसी चालवल्यावर येतं, कोरड्या दिवशीही येतं.
कूलंट: चिकट, गोडसर वासाचं, काचेवर आतून तेलकट धुकं. हे पावसाचं पाणी असूच शकत नाही.
पुढच्या काचेखालची जाळी: ती तुंबली तरी पाणी आत येतं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पानं काढून बघावीच.

*

मुलीला टॉर्च देऊन आत बसवलं, मी बाहेर बागेची नळी घेऊन. नळीला नोझल नाही, धार संथ. सुरुवात खालून: आधी दरवाजाची खालची कड, मग बिजागरीची बाजू, मग काचेखालची पट्टी, शेवटी वरची चौकट. एका जागी काही मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि कुठून आत गेलं ते कळायचा मार्ग उरत नाही. वॉशिंगवाल्याचा प्रेशर पंप तर या कामाला नकोच. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवतो आणि खोटी साक्ष देतो.

खालची कड, बिजागरी: काही नाही. काचेखालच्या पट्टीवर धार धरली आणि थोड्या वेळानं आतून हाक आली, “बाबा, आलं! स्पीकरच्या खालून येतंय!”

*

तरी बीडिंग तपासलं. वर्तमानपत्राची पट्टी चौकटीत धरून दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढायची. सहज सरकली तर त्या जागी रबर दबत नाही. रबरावर खडूची पूड लावून दरवाजा बंद केला तरी कळतं. जिथे ठसा उमटत नाही तिथे फट. आमच्याकडे पट्टी सगळीकडे घट्ट. रबर पुसायला पेट्रोल किंवा इंजिन ऑइल वापरू नये, हे रबर तेलानं फुगतं. साबणाचं पाणी पुरतं, नंतर हवं तर थोडं सिलिकॉन ग्रीस.

*

दरवाजाचं पॅड काढताना: बॅटरीची वायर आधी सोडावी. आतून दार उघडायच्या हँडलमागे आणि हाताच्या पकडीत स्क्रू असतात, बहुधा छोट्या झाकणाखाली लपलेले. ते निघाल्यावर खालच्या कडेपासून प्लॅस्टिकच्या पट्टीनं एकेक क्लिप सोडवत यायचं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला की रंग खरचटतो आणि पुढच्या पावसात तिथेच गंज धरतो. शेवटी पॅड वर उचलून काचेच्या कडेवरून सोडवायचं, पण झटक्यात ओढायचं नाही. मागे पॉवर विंडोच्या वायरी असतात. काही क्लिपांना छोटी रबरी चकती असते. ती हरवू नये, तीही पाणी अडवते.

*

आणि मग तो पडदा. पॅडमागे, दरवाजाच्या आतल्या पत्र्यावर काळ्या चिकट ब्यूटाइलनं चिकटवलेलं पातळ प्लॅस्टिक किंवा फोम. दरवाजाच्या पोकळीतून केबिनकडे येणारं पाणी अडवणारी मुख्य वस्तू हीच. पाणी तिच्यावरून ओघळतं आणि पुन्हा पोकळीत पडतं. म्हणून काही गाड्यांत तिची खालची कड पत्र्याच्या खाचेतून आत सोडलेली असते. ती कड बाहेर राहिली की बाकीचा पडदा धड असूनही उपयोग नाही.

आमच्या पडद्याला स्पीकर बसवणाऱ्यानं कात्री लावली होती. भोक स्पीकरपेक्षा मोठं, आणि खालची कड सोडवून तशीच लोंबत ठेवलेली. हे पाहून मला मनापासून वाईट वाटलं. काच वर-खाली करायचं मशीन दुरुस्त करताना, स्पीकर बदलताना, लॉक उघडताना हा पडदा ओरबाडला जातो, आणि पुन्हा नीट चिकटवायला कोणाला वेळ नसतो. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. विचारायला हवं. पॅड बसवण्याआधी “पडदा दाखवा” म्हणायचा आपला हक्क आहे.

*

काही गाड्यांत बाजूच्या धडकेची खबर एअरबॅगला देणारा सेन्सर दरवाजाच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. पत्रा आत चेपला की दाब एकदम वाढतो. अशा गाडीत पडद्याला भोक म्हणजे त्या मोजमापातच ढवळाढवळ. तिथे प्रश्न ओल्या मॅटपुरता राहत नाही.

*

चिकटवायला ब्यूटाइल टेपच. ती वाळून कडक होत नाही, पुढे उघडायची वेळ आली तर सोडवता येते. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन नको. त्यातून सुटणारं अ‍ॅसिड पत्र्याला गंज लावतं. पत्रा आधी कोरडा आणि स्वच्छ, मग टेप, मग बोटानं दाबत पूर्ण फेरी. पडदा खूपच फाटला असेल तर जुन्याच्या मापाचा नवा, जाड प्लॅस्टिकचा कापावा. पॅड बसवायच्या आधी नळीची परीक्षा पुन्हा.

*

आता खालच्या कडेच्या भोकांबद्दल. बाहेरच्या पत्र्याची कड जिथे आतल्यावर दुमडलेली असते तिथेच ती असतात, आणि गंजही तिथेच आतून सुरू होतो. रंगाला फोड दिसतो तेव्हा पत्रा बराच खाऊन झालेला असतो. अँटी-रस्ट कोटिंग मारताना किंवा डेंटिंग-पेंटिंगमध्ये पुट्टी भरताना ही भोकं बुजतात. केबल-टायचं टोक घालून मोकळी करता येतात.

पुरात हीच भोकं उलट काम करतात, पाणी खालून आत येतं आणि गाळ सोडून जातं. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या. जुनी गाडी घेताना सीटच्या धुलाईवर जाऊ नये, एका दरवाजाचं पॅड उघडायला सांगून तळाशी गाळाची रेघ आहे का ते बघावं.

*

अ‍ॅक्सेसरीवाले बसवतात ती जाड, कडा उभ्या असलेली मॅट पाणी वर दिसू देत नाही. तिच्याखाली कार्पेट, त्याखाली फेल्ट, आणि फेल्टखालून वायरी व कनेक्टर जातात. वरून कोरडं लागलं तरी फेल्ट मुठीत दाबून बघायचं. आषाढात ऊन मिळणार नाही, म्हणून सीटचे बोल्ट काढून, कार्पेट उचलून खाली लाकडाचे ठोकळे दिलेत आणि टेबलफॅन लावलाय. दाबल्यावर अजून ओल लागते. मॅट परत घालायची घाई नाही.