तुझं तू, माझं मी

आमच्या चौघींच्या गटात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. मी ताई, कोलकात्याची ती दीदी, लखनौची भाभी आणि जन्मापासून बंगळुरूत वाढलेल्या त्या अक्का. चौघींच्या चार भाषा. बोलतो हिंदीत, पण ती हिंदी ऐकून भाभी अधूनमधून कपाळाला हात लावते.

२०२२ च्या जूनमध्ये यांची बदली बंगळुरूला झाली आणि डोंबिवलीचं बिऱ्हाड आम्ही मल्लेश्वरमला हलवलं. मुलगी शिकायला पुण्यात, हे सकाळी साडेआठला बाहेर. दिवसभर मी आणि चार भिंती. डोंबिवलीत भाजी आणायला गेलं तरी वाटेत दहा जणी भेटायच्या. इथं भाजीवालीशीसुद्धा बोटं दाखवून बोलायची वेळ! पहिले दोन महिने मी लिफ्टमध्ये उगाचच खालीवर करायची म्हटलं तरी चालेल. त्याच लिफ्टमध्ये एकदा अक्कांनी विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. अनोळखी गावात जेवलीस का असं विचारणारं माणूस भेटलं की काय वाटतं, हे बदलीच्या नोकरीतल्या बायकांना मी सांगायला नको.

अक्कांचं वय त्रेसष्ट. एका खाजगी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. मंगळवारी सकाळी घरचं आवरलं की चौघींनी बाहेर पडायचं आणि गाव खाऊन बघायचं, ही कल्पना त्यांचीच. आधी आम्ही सीटीआरचा बेण्णे डोसा खाल्ला. बेण्णे म्हणजे लोणी, आणि ते डोशावर नावापुरतं नसतं. मग मेट्रोनं गांधी बाजारात विद्यार्थी भवनला गेलो. हे हॉटेल १९४३ पासूनचं. तिथला वाढपी डोशांच्या बशांची चळत हातावर खांद्यापर्यंत रचून आणतो, ते बघूनच माझा जीव वरखाली झाला. १९२४ साली सुरू झालेल्या एमटीआरमध्ये अक्कांनी शाळेतल्यासारखा धडाच घेतला. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा इथं रव्याची इडली करून बघितली आणि रवा इडली जन्माला आली, अशी तिची कथा सांगतात. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत जन्मभर रवा इडली खाल्ली, पण त्या वाफेमागं युद्ध असेल हे मला कुठं ठाऊक होतं!

शेवटी कॉफी. ती अक्का नेहमी 'बाय टू' मागवायच्या. एक कॉफी, दोन पेल्यांत. बंगळुरूत ही पद्धतच आहे, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. मला मात्र सुरुवातीला गंमत वाटायची. चहा अर्धा आपणही घेतो, पण मोठ्या तोंडानं 'अर्धा' म्हणून नाही.

मग दीदीनं सूत्रं हाती घेतली. तिचं म्हणणं, किती दिवस इडलीच खायची? शहरात दर आठवड्याला नवं काहीतरी उघडतंय. झालं, आम्ही कॅफेंच्या वाटेला लागलो. लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, आंबवलेल्या पिठाचा पाव, पाटीवर वाढलेलं सॅलड. काही पदार्थ खरोखर छान होते. काही खाऊन मी घरी आल्यावर गपचूप वरणभात लावला.

खाणं वाढलं तशी वजनाची धास्ती आली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते, असं दीदीनं वाचून दाखवलं. कुठलाही क्लास पहिला तास फुकट देतो, हा शोधही तिचाच. महिनाभर आम्ही फुकटचे तास घेत हिंडलो. एका ठिकाणी छताला टांगलेल्या झोळीत उलटं लटकायचं होतं. भाभी लटकली, आणि तिला उतरवायला दोन मुली लागल्या. शेवटी झुंबा सगळ्यांना पटला. कोलंबियातल्या बेटो पेरेझ नावाच्या शिक्षकाला म्हणे एकदा एरोबिक्सची कॅसेट घरी राहिली, म्हणून त्यानं आपल्या नाचाच्या गाण्यांवरच वर्ग घेतला आणि त्यातून हा प्रकार निघाला. आमचा शिक्षक माझ्या मुलीच्या वयाचा. "मॅम, स्माईल!" असं ओरडायचा. समोर भिंतभर आरसा. पहिल्या दिवशी त्यात एक बाई सगळ्यांच्या उलट दिशेला जाताना दिसली. ती मीच होते.

फी तीन महिन्यांची नऊ हजार. चौघी एकदम आल्या तर प्रत्येकी सात हजार दोनशे. अक्का जरा घुटमळल्या. "माझं वय आहे का नाचायचं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही नाही आलात तर आम्हा तिघींचंही नुकसान." हसत म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे भरले.

आता सांगते ते माझ्या फुशारकीचं. गटाची खजिनदार मी. बिल मी भरायचं आणि घरी येऊन फोनवर प्रत्येकीचा आकडा कळवायचा. पहिल्या दिवसापासून माझा नियम, "किरकोळ हिशेब नको, सरळ चार भाग." त्या मंगळवारी एका नव्या कॅफेत बिल आलं, त्यात सेवाशुल्क लावलेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं स्पष्ट सांगितलंय की हॉटेलनं सेवाशुल्क आपोआप बिलात लावायचं नाही. (पुढं मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं.) मी मॅनेजरला बोलावलं, नियम ऐकवला आणि जवळजवळ तीनशे रुपये कमी करून घेतले. भाभीनं टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर यांनाही रंगवून सांगितलं. बिल झालं तीन हजार एकशे वीस. फोनवर कळवलं, 'प्रत्येकी ७८०.'

पुढच्या आठवड्यात अक्का आल्या नाहीत. झुंब्यालाही नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गुडघाच. तीन महिने संपत आले होते. पुन्हा पैसे भरायची वेळ आली, तेव्हा चौघी नाहीत म्हणून सवलत मिळणार नाही असं कळलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो अठराशे रुपयांचा, अक्कांच्या गुडघ्याचा नव्हे. हे लिहितानाही लाज वाटते.

एका पहाटे झोप लागेना म्हणून सँकी तलावावर फिरायला गेले. कर्नल सँकी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८२ मध्ये बांधलेला हा तलाव आमच्यापासून जवळच, पण क्लासच्या नादात मी कधी गेले नव्हते. बघते तर समोरून अक्का! साडी जरा वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट आणि चाल अशी की कॉलेजची पोरं मागं पडावीत. मी झाडाआड झाले. घरी आले ती धुमसतच. खोटं बोलायची काय गरज? नको वाटतो आमचा सहवास, तर तसं सांगा!

दोन दिवसांनी पर्स झटकताना त्या कॅफेचं बिल हाताला लागलं. पास्ता, पिझ्झा, सॅलड, दोन गोड पदार्थ, तीन थंड पेयं. आणि सगळ्यात खाली, लिंबाचा चहा एक, एकशे चाळीस. चहा कुणी घेतला होता? पास्त्यात अंडं आहे का, सूप कशाचं आहे, असं विचारून अक्का त्या दिवशी "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणाल्या होत्या. आदल्या मंगळवारीही चहाच. त्याच्या आदल्यालाही. मॅनेजरशी नियम भांडणारी मी शेजारच्या बाईचा चहा बघू शकले नव्हते.

मी भाभी आणि दीदीला सांगितलं. दीदी गप्प झाली. भाभी मनानं मोठी, ती तडक वर गेली आणि अक्कांना म्हणाली, "तुमची फी आम्ही तिघी भरतो. आपल्यात कसला हिशेब?" अक्कांनी तिला पाणी दिलं, कुंकू लावलं आणि निरोप दिला. त्यानंतर लिफ्टमध्ये भेटलो तरी त्या नुसतं हसायच्या. "ऊटा आयता?" बंद झालं. भाभीला अजूनही वाटतं, तिचं काय चुकलं? मी तिला समजावून बघितलं, जमलं नाही. खरं तर भाभी पोचली नसती तर तेच वाक्य बोलायला मी गेले असते.

मी झुंबा सोडला आणि पहाटे तलावावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी अक्कांनी मला पाहिलं आणि चाल वाढवली. मीही वाढवली. धापा टाकत कसाबसा एक फेरा झाला. बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तीन आठवडे आम्ही अशा शेजारीशेजारी चाललो, आणि सांगायला हरकत नाही, त्या तीन आठवड्यांत जितका घाम गाळला तितका 'स्माईल'वाल्या मुलापुढं कधी गाळला नव्हता.

एका सकाळी त्या आपणहून बोलल्या. खाजगी शाळा, पेन्शन नाही. घर मुलाचं. सून चांगली आहे, मागितले तर देईल, पण मागायचे कशाला? संध्याकाळी चार मुलं गणिताला येतात, ते पैसे त्यांचे स्वतःचे. "त्यातून मी माझ्या ऐपतीची मजा करत होते, ताई. तुमच्या मंगळवारी एका दिवसात माझा महिन्याचा मंगळवार संपायचा."

"मला सांगायचं होतंत, अक्का."

"आणि काय सांगणार? पोरींनो, हे महाग आहे? मी शिक्षिका आहे. तुमच्यासमोर लहान नाही होणार."

मला उत्तर सुचलं नाही. तो फेरा आम्ही तशाच चालून पुरा केला.

फाटकातून बाहेर पडल्यावर त्या घराकडं न वळता दुसऱ्याच रस्त्यानं निघाल्या. कोपऱ्यावर एक दर्शिनी, उभ्यानं खायचं साधं हॉटेल. आमच्या कॅफेंच्या यादीत ते येण्याचा प्रश्नच नव्हता. अक्का थेट गल्ल्यापाशी गेल्या. दोन प्लेट इडली आणि एक कॉफी, बाय टू. सवयीनं माझा हात पर्सकडं गेला. अक्कांनी त्या हातावर चापट मारली, वर्गात पोरांना मारत असतील तशी, आणि ब्लाऊजमधून छोटी कापडी पिशवी काढून नोटा मोजून दिल्या.

उंच टेबलाशी उभं राहून आम्ही इडली खाल्ली. चटणी पातळ आणि झणझणीत. कॉफी आली, तेव्हा त्यांनी दोन्ही पेले डोळ्यांसमोर धरून सारखी भरली आहे ना, ते बघितलं. एक थेंब जास्त होता तो पेला माझ्याकडं सरकवला.

"मंगळवारी त्या दोघींना पण आण," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, अक्कांची पार्टी आहे."