एकमेकांच्या अधीन

10 फेब्रुवारी 1895 रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा चालता संसार विस्कटला. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, त्या आपलं सोवळं-ओवळं सोबत घेऊनच. टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही, बायकोचे नियम घरात चालू दिले. 1900मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. 1919मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून काढले. आधी तो तिच्यासाठी थांबला, मग तिने त्याचं काम आपलं मानलं.

आम्हा नगरच्या ख्रिस्ती माणसांना हे घर फार जवळचं. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, 21व्या वचनात, पौल सर्वांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतो. ते कसं दिसत असेल, हे मला आधी या दोघांकडून कळलं आणि नंतर आमच्याच घरात.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी दवाखान्यात नर्सबाईंकडून ते शिकून आले होते. घरी आल्यावर यजमानांनी मला विचारून विचारून सगळं आत्मसात केलं. चादर कशी सरकवायची, उशी कुठे लावायची, अंग पुसताना पाणी किती कोमट हवं, यातलं काहीच त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. घरातला शब्द एरवी त्यांचा. इथे ते माझं ऐकत होते. रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या.

पहाटेची पाळी माझी. सासूबाईंना चार वाजता जाग यायची आणि लगेच स्तोत्र वाचून हवं असायचं. त्या वेळी उठून वाचणं जड जायचं. ‘प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती’ एवढी प्रार्थना करून मी बायबल उघडायची. देवाच्या इच्छेला मान तुकवणं म्हणजे काय, ते मला त्या वाचनात उमगत गेलं. ती इच्छा एका थकल्या बाईच्या तोंडून, अर्धवट उच्चारांतून येत होती.

पण मान कुणापुढे तुकवायची, हा प्रश्न उरतोच. पंडिता रमाबाईंनी 1883मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनींनी चर्चची मतं निमूट स्वीकारण्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी पत्रांतून वाद घातला. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. याच रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून होरपळलेल्या मुली आणल्या आणि केडगावात त्यांच्यासाठी उरलेलं आयुष्य वेचलं. कोलकात्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते साध्यासुध्या बायकांना कळेल अशा भाषेत. खिळे जुळवून छपाई करायला त्यांच्या केडगावातल्या मुक्ती मिशनमधल्या मुलीच शिकल्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924मध्ये प्रसिद्ध झालं. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे न वाकलेली ही बाई अनाथ मुलींच्या गरजेपुढे रोज वाकत होती.

आमच्या भगिनी मंडळात एका तरुण बहिणीने विचारलं, “नवरा हात उगारतो, तरी अधीनच राहायचं का?” दोघी-तिघींनी सोसण्याचा सल्ला दिला. पाळकीणबाईंनी त्यांना तिथेच थांबवलं. “पुढच्याच वचनांत नवऱ्याला ख्रिस्तासारखं प्रेम करायला सांगितलंय. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःचा प्राण दिला. मारणाऱ्याला त्या अध्यायात आधार नाही,” त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी पाळकीणबाई आणि मी तिला माहेरी सोडून आलो. सध्या ती तिथेच राहून शिवणकाम करते. पाळकांसमोर नवऱ्याशी बोलणी चालू आहेत. मार कायमचा थांबला पाहिजे, ही तिची पहिली अट, आणि मंडळीच्या वडीलजनांनी ती तिच्या बाजूने उभं राहून मांडली आहे.